सोलापूरच्या उन्हात कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता: बरणीत, डब्यात, कुंडीत

परसबागवाली

नमस्कार मंडळी,

स्वयंपाकाला रोज लागणारी हिरवी पानं घरी लावण्याबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या हवेला धरून असतं. ते जसंच्या तसं आपल्याकडे केलं की मार्चपर्यंत सगळं छान दिसतं आणि एप्रिलात करपतं. म्हणून आपलं ऊन, आपलं बोअरचं पाणी आणि आपली काळी माती धरून चर्चेचा एक धागा असावा असं बरेच दिवस मनात होतं. आमचं घर होटगी रोडकडे. पूर्वेला लहानशी गॅलरी आणि वर गच्ची, जागा एवढीच. त्यात फोडणीपुरता कढीपत्ता, चटणीचा पुदिना, चहाला गवती पात आणि थंडीत कोथिंबीर घरची निघते.

आधी माझं ठाम मत सांगते. सोलापुरात कुंडीतलं झाड खत कमी पडलं म्हणून सहसा मरत नाही. ते मरतं भांडं तापल्यामुळे, नाहीतर पाण्यातले क्षार मातीत साचल्यामुळे. आणि आपण करतो नेमकं उलट. झाड मलूल दिसलं की खत टाकतो. क्षार साचलेल्या मातीत खत म्हणजे आणखी क्षार.

काचेच्या बरणीपासून सुरुवात करते, कारण ओट्यावर ओळीने मांडलेल्या बरण्यांचे फोटो बघूनच बरेच जण या नादाला लागतात. बरणीत दोन तऱ्हांनी लावता येतं, नुसत्या पाण्यात किंवा माती भरून. पाण्यात लावायला बरणी उत्तम, माती भरायला वाईट. बरणीच्या बुडाला भोक नसतं, त्यामुळे जास्तीचं पाणी जायला वाट नाही. यावर उपाय म्हणून तळाशी खडे टाका असं सगळीकडे सांगतात. त्याने निचरा होत नाही. बारीक मातीत धरलेलं पाणी खालच्या खड्यांच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, माती पूर्ण गच्च होईपर्यंत ते मातीतच अडून राहतं. म्हणजे खडे टाकून आपण चिखलाचा थर उलट मुळांच्या जवळ आणून ठेवतो. बरणी वापरायचीच असेल तर तिच्या तोंडात बसेल असा भोकं पाडलेला प्लास्टिकचा कप घ्या, माती कपात भरा, पाणी घालताना कप बाहेर काढून निथळू द्या आणि मग परत ठेवा. दिसायला बरणी, काम कुंडीचं.

पाण्यातल्या बरणीचं वेगळं. पुदिन्याची जुडी आणली की त्यातल्या जाड, निरोगी काड्या निवडा. वीतभर काडी पेराच्या खाली तिरकी कापा, खालची पानं काढा (पाण्यात पान राहिलं की ते कुजतं आणि पाण्याला वास मारतो) आणि दोन पेरं पाण्यात बुडतील अशी ठेवा. आठवडाभरात पेरातून पांढरी मुळं सुटतात. पानओवा, तुळस, सब्जा, गवती चहाचं बूड, सगळ्यांना अशी मुळं फुटतात. कोथिंबिरीच्या काडीला सहसा फुटत नाहीत, कढीपत्त्याच्या डहाळीलाही क्वचितच, तिथे वेळ घालवू नका. काच पारदर्शक असल्याने आत उजेड जातो आणि पाण्याला हिरवं शेवाळ धरतं. बरणीला बाहेरून खाकी कागद किंवा जुन्या कापडाची पट्टी गुंडाळली की ते थांबतं.

पण नुसत्या पाण्यावर झाड फार काळ तगत नाही. मुळं बोटभर झाली की मातीत हलवा. पाण्यातच ठेवायचं असेल तर विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको.

आता भांडी. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा आपल्याकडे सगळ्यांच्या घरी सापडतो. तो मजबूत असतो, फुकट असतो, पण उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की कडेची मुळं शिजतात. मी डब्याला बाहेरून जुनी सोलापुरी चादर घडी करून गुंडाळते आणि सुतळीने बांधते. संध्याकाळी पाणी घालताना चादरही भिजवते. चादर फाटली तरी सूत दमदार असतं, ओल धरून ठेवतं. मातीची कुंडी स्वतःच पाझरून थंड राहते, मात्र ती सुकतेही लवकर. काळं प्लास्टिक गच्चीवर नकोच. सगळ्यात चांगलं भांडं कुठलं विचाराल तर मेडिकलवाल्यांकडे औषधं ज्यातून येतात तो जाड थर्माकोलचा डबा. दुकानदार तो बहुतेक टाकूनच देतात. बुडाला पेन्सिलीने सहा-सात भोकं पाडायची. त्यात मे महिन्यातही माती हाताला गार लागते. ऊन खाऊन थर्माकोलचा भुगा होऊ नये म्हणून त्यालाही बाहेरून कापड लावलेलं बरं. रंगाच्या बादल्या आणि कीटकनाशकांचे डबे खायच्या झाडांना वापरू नका, कितीही धुतले तरी.

कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका. दोन विटांवर ठेवा. स्लॅब रात्रीपर्यंत धग सोडत असतो आणि भोकंही स्लॅबला चिकटून बुजतात. कुंड्या एकमेकींना लागून ठेवल्या तर कडेच्या सोडून बाकीच्यांवर ऊन बाजूने पडत नाही. वर माती उघडी ठेवायची नाही. आपल्या घरात शेंगा फोडल्या की फोलपटं निघतातच, ती दोन बोटं जाड पसरा. खारवलेल्या शेंगांची फोलपटं मात्र नकोत, त्यात मीठ असतं.

क्षारांची खूण ओळखायला सोपी आहे. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा खरपुडा दिसतो, पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होतात. महिन्यातून एकदा नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईपर्यंत घाला, क्षार धुवून निघतात. रोज थोडं थोडं शिंपडणाऱ्यांच्या कुंडीत क्षार सगळ्यात जास्त साचतात, कारण पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं.

कढीपत्त्याबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, तो वेगळाच विषय आहे. तुमच्याकडून ऐकायचंय.

जुळेसोलापूरकर

मस्त धागा ताई. चादरीची कल्पना आवडली, आमच्याकडे जुन्या चादरी खंडीभर आहेत.

माती कुठली घेता? आमचा प्लॉट काळ्या मातीचा आहे. घरची माती असताना विकत कशाला आणायची म्हणून तीच कुंडीत भरली. पाणी घातलं की वर तळं साचतं आणि दोन दिवस पाणी नाही दिलं की कुंडीच्या कडेपासून माती सुटून बोट जाईल एवढी फट पडते.

परसबागवाली

जुळेसोलापूरकर, काळी माती शेतात सोनं आहे, तिच्यावर आपल्या भागाची रब्बी ज्वारी निघते. पण डब्यात ती चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तुम्ही जी फट म्हणताय त्यातून पुढचं पाणी सरळ खाली निघून जातं आणि मधली माती कोरडीच राहते. वरून वाटतं पाणी भरपूर दिलं. शिवाय आपल्या काळ्या मातीत चुनखडी फार.

मी नर्सरीतली लाल माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेते. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या, त्यातही कधी कधी मीठ असतं. मूठभर निंबोळी पेंड मिसळा. घरची काळी माती वापरायचीच असेल तर पाचातला एक भाग, त्याहून जास्त नाही. शेणखत ताजं असेल तर हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) येते. मुठीत घेऊन वास घ्या, शेणाचा वास गेलेला असला पाहिजे.

हॉस्टेलवाला

मी भाड्याच्या खोलीत राहतो, एकच खिडकी, तीही उत्तरेला. ऊन येतच नाही. घरमालक कुंडी ठेवू देत नाहीत कारण पाणी सांडतं. बरणीत काय जमेल? मॅगीत आणि आमलेटमध्ये टाकण्यापुरतं हवंय.

परसबागवाली

तुझ्यासाठी लसूण. एक गड्डा सोलू नकोस, तसाच घे, पसरट तोंडाच्या छोट्या ग्लासवर असा ठेव की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाकळ्या बुडाल्या तर कुजतात. पाणी रोज बदल, नाहीतर खोलीभर वास पसरेल. काही दिवसांत कापण्याजोगी पात येते, कात्रीने वरून काप, पुन्हा येते. दोन-तीन कापण्यांनंतर गड्डा पोकळ होतो, मग नवा ठेव. कांद्याची पातही तशीच. दोन्हींना साठवलेलं अन्न स्वतःच्या पोटातच असतं, म्हणून उन्हावाचून चालतं.

दुसरं म्हणजे मेथी. पसरट डब्याच्या झाकणात ओला टिश्यू किंवा बोटभर कोकोपीट, त्यावर रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाटीने पसरायचे, दोन दिवस झाकून ठेवायचे, मग उघडे खिडकीत. आठ-दहा दिवसांत बोटभर रोपं होतात, मुळापासून काप. आमलेटमध्ये छान लागतात. मोहरीचंही असंच होतं आणि ती जास्त तिखट लागते. पुदिना उत्तरेच्या खिडकीत जगेल, पण काड्या लांब, पिवळट आणि पानं बारीक येतील. त्याला अधूनमधून तरी उन्हात ठेवायची सोय तुझ्याकडे नाही, तेव्हा लसूणच बरा.

आशाताई_पेठेतली

धागा चांगला आहे, वाचनखूण केली. आरोग्याच्या कामात बरीच वर्षं घरोघरी फिरले, म्हणून एक सांगते. या बरण्या, कुंडीखालच्या ताटल्या आणि पाणी साठवायचे उघडे बॅरल यांत डेंग्यूचा डास अंडी घालतो. त्याला गटाराचं पाणी लागत नाही, स्वच्छ साचलेलंच आवडतं. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळी भांडी कोरडी करायची. बरणीचं पाणी नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात, वाळली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी आलं की फुटतात. आतून घासून घ्यायची.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने घरोघरी साठवण असतेच. त्यात झाडांच्या हौसेची भर पडायला नको. ताटली काढूनच टाका, कुंडी विटांवर ठेवलीत तर ताटलीची गरजच नाही.

जुळेसोलापूरकर

ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ताटल्या आजच काढतो.

पूर्वभागातला

कढीपत्त्याचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमच्या पूर्व भागात यंत्रमागाचा खडखडाट आणि दारात करिवेपाकाचं (तेलुगूत कढीपत्त्याचं) झाड हे दोन्ही ठरलेलं. आमच्या अम्माच्या हाताखाली वाढलेलं झाड आता पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलंय. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्याचीच पिल्लं आहेत.

रोप करायचे दोन मार्ग. मोठ्या झाडाच्या मुळातून बाजूला फुटवे येतात. पावसाळ्यात असा वीतभर फुटवा बघायचा, आजूबाजूची माती उकरून मुळासकट कापून काढायचा आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचा. दुसरा मार्ग बियांचा. पावसाळ्यात झाडाला जांभळी-काळी फळं लागतात, ती पिकून मऊ झाली की तोडायची, गर चोळून धुवून टाकायचा आणि लगेच पेरायचं. सुकवून डबीत ठेवलं तर बी मरतं, दुकानातलं जुनं बी उगवत नाही ते यामुळेच. लहानपणी रोप फार हळू वाढतं, तेव्हा पानं तोडायची घाई करू नका. थंडीत तर ते थांबल्यासारखंच दिसतं, त्या दिवसांत पाणी कमी करायचं. झाड मेलं नाही, झोपलंय.

कुंडी मोठीच लागते. दहा इंचांत सुरू करून दोन वर्षांनी अठरा इंचांत. पान एकेक तोडण्यापेक्षा आख्खी डहाळी शेंड्याकडून कापायची, खालून दोन फुटवे येतात. फुलोरा आला की खुडून टाकायचा.

बाकी कुंडीत अंबाडी जरूर लावा. आमच्याकडे गोंगुऱ्याशिवाय जेवण नाही. ऊन कितीही असो, ती हटत नाही. पेरल्यावर महिना-सव्वा महिन्याने शेंडे खुडायला लागा, वरचेवर येत राहतात.

नव्याघरची

पूर्वभागातला, दादा, खूप उपयोगी माहिती. माझा कढीपत्ता नर्सरीतून आणला तेव्हा गडद हिरवा होता. आता नवीन येणारी पानं फिकट पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी पानं ठीक आहेत. पाणी बोअरचं आहे. सगळे म्हणतात ताक घाल. घालू का? किती?

कडकभाकरी

ताकच घाल गं. आमच्या सासूबाईंच्या काळापासून कढीपत्त्याला ताकच. आंबट ताक, पातळ करून, पंधरा दिवसांतून एकदा. पानाला वासही जास्त येतो.

मालदांडी

राम राम. मंगळवेढ्याकडे शेती आहे. नव्याघरची, तुमच्या झाडाला जे झालंय ते आम्ही शेतात दरवर्षी बघतो. भुईमूग पिवळा पडतो, उसात केवडा येतो (पानं पिवळी-पांढरी पडतात), ते हेच. नवीन पान पिवळं आणि शीर हिरवी म्हणजे लोह कमी. जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर नत्र कमी म्हणालो असतो.

जमिनीत लोह असतं, पण चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यावर ते झाडाला उचलता येत नाही. त्यामुळे शेणखत वाढवून लगेच गुण येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) आणा, कृषी सेवा केंद्रात मिळते. लिटरभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळा, मग ४-५ ग्रॅम हिराकस टाका, गाळून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांनी परत. नवीन पान हिरवं यायला लागतं. हिराकस ताजी, हिरवट असावी. तपकिरी पडलेली निकामी. फरशीवर सांडू नका, गंजासारखे डाग पडतात आणि निघत नाहीत. फवारल्यावर आठवडाभर ती पानं खाऊ नका, मग धुवून वापरा. कुंडीच्या मातीत द्यायचं असेल तर EDDHA प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, महाग आहे पण चुनखडीत टिकतं.

नव्याघरची

धन्यवाद दादा! लिंबू का पिळायचं तेही सांगा ना.

मालदांडी

जड पाण्यात हिराकस टाकली की लोह खाली बसतं, पाणी तांबूस गढूळ होतं. आंबटपणा असला की विरघळलेलं राहतं. आधी लिंबू, मग हिराकस, हा क्रम ठेवा.

परसबागवाली

मालदांडी, अगदी नेमकं सांगितलंत.

कडकभाकरी ताई, ताकाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. ताकातला आंबटपणा मातीतल्या चुनखडीपुढे फार टिकत नाही. जमिनीतल्या झाडाला ताक दिलं तर काही बिघडत नाही, तिथे मातीतले जीव ते पचवतात. पण कुंडी लहान असते. त्यात दाट ताक घातलं की वर पांढरी बुरशी धरते, मुंग्या येतात, आणि ताकाला मीठ लावलेलं असेल तर नुकसानच. द्यायचंच तर बिनमिठाचं, लोणी काढलेलं, एका वाटीला चार-पाच वाट्या पाणी, आणि महिन्यातून एकदा.

कडकभाकरी

राग कसला त्यात! पण वासाचं मी सांगते ते खरं आहे. आमच्या झाडाचा कढीपत्ता शेंगांच्या चटणीत घातला की शेजारी विचारायला येतात. आमचं झाड जमिनीत आहे हे मात्र खरं, कुंडीतलं मी सांगू शकत नाही. मिठाचं तुमचं पटलं.

विजापूररोड

एक शंका. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पाणी उरतं, आरओचंही बरंच वाया जातं. आईचं म्हणणं, पाण्याची एवढी ओढाताण असताना ते झाडांना का नाही घालायचं? बरोबर आहे ना?

परसबागवाली

आईंचा विचार योग्य, पण ही दोन्ही पाणी कुंडीला नकोत. कूलरमध्ये पाणी उडत राहतं आणि क्षार टाकीतच दाटत जातात. कूलरच्या गवतावर जो पांढरा थर बसतो तेच तुमच्या मातीत जाणार. आरओचं वाया जाणारं पाणीही असंच, मशीनने काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं, ते जरूर घाला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम. भाजी उकडलेलं पाणी बिनमिठाचं असेल तर थंड करून. आणि पहिल्या वळवाच्या सरीनंतर गच्चीवरचं पाणी पिंपात धरून ठेवा, झाकण घट्ट लावून.

पूर्वभागातला

अजून एक राहिलं. कढीपत्त्यावर पावसाळ्यात अळ्या येतात. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या तपकिरी-पांढऱ्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानासारख्याच हिरव्या, म्हणून दिसतच नाहीत. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या त्या. एका रात्रीत लहान रोप काडी करून टाकतात. औषध मारू नका, पानं आपल्याच ताटात यायची आहेत. सकाळी पान उलटून बघायचं आणि काडीने उचलायची. आमची मुलगी त्या अळ्या घरामागच्या रानलिंबावर नेऊन सोडते, पुढे त्यातून फुलपाखरू निघालेलं तिने बघितलंय.

विजापूररोड

रोझमेरी, थाइम, ओरिगॅनो कुणी लावलंय का इथे? घरी पिझ्झा-पास्ता होतो, पुड्या महाग पडतात.

परसबागवाली

रोझमेरी आणि थाइमला आपली कोरडी हवा आणि चुन्याची माती चालते, मुंबईपेक्षा आपल्याकडे ती बरी राहतात. बियांपासून करू नका, फार वेळ लागतो, तयार रोप आणा. मातीत निम्मी जाड वाळू मिसळा आणि वरची दोन बोटं माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. पावसाळ्यात पत्र्याखाली, एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हातून बाजूला. बेसिल हवं असेल तर वाण्याकडचा फालुद्याचा सब्जा पेरून बघा. चव इटालियन बेसिलपेक्षा जरा उग्र असते, पण पास्त्याला जमते. मंजिरी दिसली की लगेच खुडा, नाहीतर पानं बारीक होत जातात.

आणि ओरिगॅनोऐवजी पानओवा वापरून बघा. जाड पानाचा, लव असलेला, ज्याची भजी करतो तो. मसाल्यातला ओवा या झाडाचा नसतो, ते झाड निराळं. पानओव्याची काडी मातीत खोचली की लागते, उन्हाळा सहज काढते, आणि मरतो तो फक्त जास्त पाण्याने.

जुळेसोलापूरकर

कोथिंबीर! सगळं झालं, मुख्य तीच राहिली. आमच्याकडे डब्यातला धणा पेरला, पंधरा दिवस वाट बघितली, चार काड्या आल्या. त्याही बोटभर होऊन फुलावर गेल्या. हे मेमध्ये.

परसबागवाली

मेमध्ये येणारच नाही दादा, तुमचं काही चुकलेलं नाही. तिशीच्या वर पारा राहिला की कोथिंबीर पानं सोडून फुलावर जाते, तो तिचा स्वभाव आहे. आपल्याकडे तिचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांतही येते, फक्त जोराचा पाऊस थेट पडू द्यायचा नाही. मार्चनंतर हवीच असेल तर ५० टक्के सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखाली, आणि तेव्हा जुडीची आशा सोडून कोवळीच कापायची.

एका धण्यात दोन बिया असतात. धणे कापडावर पसरून वाटीच्या बुडाने हलकेच रगडा, टरफलाचे दोन भाग झाले की थांबा, पीठ करायचं नाही. मग रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून ओल्या फडक्यात एक दिवस. पेरताना साधारण एक सेंटीमीटरच खोल. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, कधी जास्तही, तोवर वरची माती सुकू द्यायची नाही. वर ओलं गोणपाट टाका आणि पहिला कोंब दिसताच काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटात अडकून तुटतात. धणा यंदाचा घ्या, फोडून वास घेतला की कळतो. भाजलेला किंवा फार जुना उगवत नाही.

डबा सहा-आठ इंच खोल असला तरी पुरे, पण रोप उपटून दुसरीकडे लावू नका, तिचं सोटमूळ दुखावलं की ती लगेच फुलावर जाते. जिथे खायची तिथेच पेरायची. दाट उगवली तर मधली मधली कोवळी उपटून खा, उरलेलीला जागा होते. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापायला येते. सगळे डबे एकदम पेरू नका. एक आज, दुसरा पंधरा दिवसांनी, तिसरा त्यानंतर पंधरा दिवसांनी. माझा पहिला डबा दसऱ्याच्या आसपास पेरला जातो, त्यामुळे गड्ड्याच्या यात्रेच्या (संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी घरात कोथिंबीर असतेच.

जुळेसोलापूरकर

म्हणजे आता दसऱ्यापर्यंत थांबतो. तोवर थर्माकोलचे डबे गोळा करतो. पुदिन्याच्या मुळं फुटलेल्या काड्या आमच्याकडे भरपूर आहेत, बरणीत मावेनात. आसरा चौकाकडून कुणी जाणार असेल तर सांगा, ओल्या कागदात बांधून देतो.

हॉस्टेलवाला

दादा, एक काडी मला. खिडकी उत्तरेची असली तरी लावून बघतो.

आशाताई_पेठेतली

बरणी आतून घासायची विसरू नकोस बाळा.